दोन पावसाळे बघितल्याशिवाय

फुटबॉलसाठी पोरगं निवडायचं तर ते निदान दोन पावसाळे बघावं. आधी शिकवण्यात आणि मग खेळाडू शोधण्यात इतकी वर्षं घातल्यावर हे मत अधिकच पक्कं झालं आहे. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं जूनमध्ये पाऊस लागला की गणपतीपर्यंत हटत नाही. शाळेच्या मैदानात घोट्याएवढं पाणी साचतं, तांबडी माती बुटाला धरून बसते, जमिनीवरून दिलेला पास दहा हातांवर मरतो. मार्चमध्ये कडक मैदानावर नुसत्या पळण्याच्या जोरावर तिघांना मागं टाकणारं पोरगं या चिखलात काय करतं ते बघावं. काही चिडतात. काही बॉल मागायचंच सोडून देतात. आणि एखादं दोन मिनिटांत ओळखतं की आज बॉल खालून जाणार नाही, उचलूनच द्यावा लागणार. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पहिल्या पावसाळ्यात एवढं कळतं. दुसऱ्या पावसाळ्यात मधल्या वर्षाचा हिशेब लागतो. पोरगं वाढलं किती, शिकलं किती, दहावीच्या ट्यूशननं त्याचा किती खेळ खाल्ला, घरात काही बिनसलं तेव्हा ते मैदानावर यायचं थांबलं का.

ट्रायल म्हणजे याच्या अगदी उलटी गोष्ट. सकाळी सातला शे-दोनशे पोरं, प्रत्येकाच्या छातीवर कागदाचा नंबर, वीस मिनिटांचा सामना, दुपारी यादी. त्या वीस मिनिटांत एखाद्याच्या पायाशी बॉल चारदाच येतो, त्यातही दोनदा पास वाकडाच आलेला असतो. ट्रायल घ्यायला येणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना रात्रीची गाडी पकडून उद्या दुसऱ्या जिल्ह्यात उभं राहायचं असतं. पण सीमाभागातली पोरं बघायला सीमाभागातच राहणारा माणूस लागतो, एवढं मला मनापासून सांगायचं आहे.

बेळगावात फुटबॉल नवा नाही. कॅम्पात लष्कर होतं, १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे, आणि सैन्य असतं तिथं संध्याकाळी बॉल असतोच. कॅम्पातल्या सेंट पॉल्समधल्या पाद्रींनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना खेळवलं. फादर एडी यांच्या नावाच्या स्पर्धेत खेळायला मिळावं म्हणून शहरातल्या कितीतरी पोरांनी सातवी-आठवीत उन्हातान्हात घाम गाळलाय. टिळकवाडीतलं लेले ग्राउंड, सरदार हायस्कूलचं मैदान, व्हॅक्सीन डेपोची मोकळी जागा. या मैदानांवर एकाच संघात चार भाषा चालतात. बॅकला, म्हणजे बचावाला उभा असलेला मराठीत ‘सोड, सोड’ म्हणून ओरडतो, हाफ, म्हणजे मधल्या फळीतला कन्नडात ‘बिडो’ म्हणतो, गोलकी उर्दूत शिव्या घालतो आणि कोपऱ्यावरचा कॅम्पातला पोरगा कोंकणीत देवाचं नाव घेतो. बॉलवरून कधी घोळ होत नाही. सीमाप्रश्नावर बोलणाऱ्या कुणालाही मी एक तरी सामना तिथं उभं राहून बघायला सांगेन.

कोच होण्याचा रस्ता बहुतेकांचा सारखाच असतो. जिल्ह्याकडून किंवा विद्यापीठाकडून खेळायचं, पंचविशीत गुडघा नाहीतर घर थांबवतं, मग एखाद्या शाळेत संध्याकाळची शिट्टी मिळते. महिन्याचं मानधन इतकं की दुसरं काही केल्याशिवाय संसार चालत नाही. कुणी सकाळी दूध घालतो, कुणी उद्यमबागेत फाउंड्रीची पाळी करून पाचला मैदानावर येतो. त्यात लायसन्स. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं ‘डी’ लायसन्स सहा दिवसांच्या कोर्सचं, मग ‘सी’, त्यापुढं आशियाई महासंघाचं ‘बी’, ‘ए’ आणि सगळ्यात वर ‘प्रो’. प्रत्येक पायरीला फी भरा, रजा काढा, परगावी राहा, इंग्रजीत सेशन प्लॅन लिहा. मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेला, पंधरा वर्षं पोरं घडवलेला माणूस त्या इंग्रजी वर्गात मान खाली घालून बसतो, हे मी बघितलंय. मैदानावर काढलं की तोच माणूस सगळ्यांना पुरून उरतो.

शाळामास्तरांना या खेळात कमी लेखू नये. भारताला फुटबॉलमध्ये जे काही मोठं मिळालं ते सय्यद अब्दुल रहीम यांच्या काळात, आणि ते मुळात हैदराबादचे शिक्षक. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. १९६२ ला जकार्तात जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. जर्नेल म्हणजे देशाचा सगळ्यात भरवशाचा बॅक. त्या अवस्थेत मागं उभा केला तर हेडिंगची पंचाईत, बाहेर बसवला तर त्याचा दराराच गेला. रहीमसाहेबांनी त्याला उचलून फॉरवर्डला, म्हणजे गोल करणाऱ्या पुढच्या फळीत घातलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला आणि दुसरा जर्नेलनं. आपण २-१ जिंकलो. त्या वेळी रहीमसाहेबांना कर्करोगानं घेरलेलं होतं, वर्षभराच्या आत ते गेले. बॅकच्या अंगात दडलेला फॉरवर्ड ज्याला दिसतो तो माणूस रोज त्याच्याबरोबर मैदानावर असतो. म्हणून शिकवणं आणि शोधणं ही दोन वेगवेगळ्या माणसांची कामं आहेत असं मला कधी पटलेलं नाही. खेळाडू शोधणाऱ्यानं आधी काही वर्षं बारक्या पोरांना शिकवावं. चुकलेला पास पोराच्या कमकुवतपणामुळं चुकला की वाढत्या वयात पाय ताब्यात नसल्यामुळं, हे त्याशिवाय ओळखू येत नाही.

वय आणि वाढ हा या कामातला सगळ्यात अवघड भाग.

आमच्याकडं अजून कितीतरी पोरांची जन्मतारीख १ जून असते. पूर्वी शाळेत नाव घालताना मास्तर जूनची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. आता दवाखान्यात जन्म होतात, तारखा खऱ्या असतात, तरी वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या कागदात १ जून अजून भेटतोच. फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळं एकाच गटात जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं समोरासमोर येतं. तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे फार मोठं अंतर. युरोपातल्या अकादम्यांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या पोरांचा भरणा जास्त असतो हे अनेक अभ्यासांत दिसलंय. त्यांचं कसब जास्त असतं असं मुळीच नाही, ती नुसती मोठी असतात. त्यात खोट्या वयाची भर पडते. महासंघाच्या युवा स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय तपासतात, टीडब्ल्यू-३ नावाची पद्धत आहे. लबाडी पकडायला ती उपयोगी आहे, पण खऱ्या वयाचं, नुसतं लवकर वाढलेलं पोरगंही कधी कधी त्यात अडकतं, आणि मग त्याला कुणी ‘वयचोर’ म्हटलं की ते डाग घेऊन फिरतं.

पोरगं साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सगळ्यात वेगानं वाढतं. वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. काल ज्या पायानं बॉल अलगद थांबायचा तो आज आपलाच नसल्यासारखा होतो. गुडघ्याखाली हाडाला उंचवटा येऊन दुखायला लागतं, टाच दुखते. आई तेल लावते, बाप म्हणतो, ‘नाटकं करूलाय.’ आणि नेमक्या याच वर्षी आपल्याकडं चौदा वर्षांखालची जिल्हा निवड असते! इंग्लंडमधल्या क्लबांनी गेल्या दहा वर्षांत पोरांना वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणं गटात बसवून सामने खेळवून बघितले. आपल्याकडं त्यासाठी यंत्रं लागत नाहीत. शाळेच्या भिंतीवर खडूची रेघ मारून दर महिन्याला उंची लिहून ठेवली तरी भागतं. मी प्रत्येक शाळेतल्या पीई, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या सरांकडं ही एकच वही मागतो.

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या संघात मी एक बारकं पोरगं बघत होतो. हाफला खेळायचं. जर्सी गुडघ्यापर्यंत, दुसऱ्याचे बूट, पुढं कापडाचा बोळा घातलेला. सातवीतलं असेल. पंधरा मिनिटं मी त्याच्या पायाकडं बघितलंच नाही, मानेकडं बघत होतो. बॉल त्याच्याकडं यायला निघाला की पोचायच्या आत ते एकदा डाव्या खांद्यावरून मागं बघायचं, एकदा उजव्या. त्यामुळं बॉल पायाशी आल्यावर त्याला विचार करावा लागत नव्हता, कुठं द्यायचा ते आधीच ठरलेलं असायचं. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देट यांनी इंग्लंडमधल्या मोठमोठ्या मिडफिल्डरांच्या चित्रफिती तासन्‌तास तपासून हेच मांडलं की बॉल येण्याआधी जास्त वेळा मान फिरवून बघणाऱ्यांचे पास जास्त वेळा जागेवर पोचतात. या पोराला ते कुणी शिकवलं असेल? विचारलं तर म्हणालं, ‘मागनं येऊन मोठी पोरं ढकलत्यात सर, म्हणून बघतो.’

तालुक्याच्या अंतिम सामन्यात त्याला बसवलं. समोरचा संघ अंगानं मोठा होता, सरांचं कारण समजण्यासारखं होतं. पुढच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा ते चांगलं हातभर उंच झालं होतं आणि खेळ पार बिघडला होता. बॉल अंगाला लागून लांब जायचा, गुडघा धरून खाली बसायचं. पण मान तशीच फिरत होती. मी सरांना म्हटलं, याला संघातून काढू नका, पळवू पण नका, नुसतं बॉलबरोबर राहू दे. तिसऱ्या वर्षी पाय परत त्याच्या ताब्यात आले. ते पोरगं आयएसएलला, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या इंडियन सुपर लीगला वगैरे गेलं नाही. गोव्यात दोन सीझन खेळलं आणि पुढं खेळाच्या कोट्यातून सैन्यात लागलं. घरात पहिली पगाराची नोकरी. मी याला यशच मानतो, आणि ज्यांना हे कमी वाटतं त्यांनी खानापूरच्या जंगलाकडच्या गावात एकदा राहून बघावं.

परदेशातल्या खेळाडू शोधणाऱ्यांमध्ये मला स्टीव्ह वॉल्श यांचं काम फार जवळचं वाटतं. तेही आधी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. इंग्लंडमधल्या लेस्टर सिटी क्लबासाठी त्यांनी फ्रान्समध्ये ल आव्हर क्लबचा एक सामना बघितला, गेले होते एका खेळाडूसाठी आणि डोळ्यात भरला दुसराच, रियाद महरेज. शेफील्ड वेन्सडेनं सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडून दिलेला जेमी वार्डी त्यांनी खालच्या लीगमधून आणला. अंगानं लहान म्हणून कितीतरी ठिकाणी डावललेला एन्गोलो कान्टे २०१५ ला आला. आणि २०१५-१६ ला लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला. तिघेही इतरांनी बघून सोडलेले. यात जादू काही नाही, हा माणूस लहान मैदानांवर जाऊन उभा राहिला आणि ज्याच्यासाठी गेला त्याच्यापलीकडंही बघत राहिला. आमच्याकडं फॉरवर्ड बघायला येतात, कारण गोल कुणी केला ते लांबूनही दिसतं. हाफ आणि बॅक बघायला उभं राहावं लागतं.

आता सीमेचं. बेळगावचं पोरगं कागदोपत्री कर्नाटकाचं, त्यामुळं राज्य संघाची निवड बंगळुरात, ५०० किलोमीटरवर. संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरायची, डब्यात दाराशी वर्तमानपत्र पसरून झोपायचं, सकाळी बंगळुरात उतरून प्लॅटफॉर्मवर तोंड धुवायचं आणि दोन-तीन तासांत मैदानावर उभं राहायचं. समोर बंगळुरातलीच पोरं घरची भाकरी खाऊन, झोप काढून आलेली. एका रात्रीच्या जागरणानं तेरा वर्षांच्या पोराचा पाय किती जड होतो हे निवड करणाऱ्याच्या वहीत कुठं लिहिलेलं नसतं. कर्नाटकानं मार्च २०२३ मध्ये रियाधला मेघालयाला ३-२ असं हरवून चोपन्न वर्षांनी राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली तेव्हा आम्ही इथं पेढे वाटले. राज्य आमचंच आहे. फक्त निवडीच्या फेऱ्यांपैकी एक तरी बेळगावात किंवा हुबळीत व्हावी, एवढं मागणं आहे, आणि ते अवाजवी नाही.

दुसरीकडं चोर्ला घाट उतरला की गोवा. साखळीला १९९९ पासून सेसा अकादमी आहे, बेळगावहून सकाळी निघून दुपारी घरी येता येतं. डेम्पो, साळगावकर ही तिथल्या क्लबांची नावं आमच्या पिढीनं घरातल्या माणसांसारखी ऐकली. आर्मांदो कुलासो यांनी डेम्पोला पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं, तेही बहुतांश गोव्यातली पोरं घेऊन. तिसरीकडं कोल्हापूर. तिथं तालमीच फुटबॉल क्लब झाल्या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियममधली गर्दी बघून आमच्या पोरांचे डोळे विस्फारतात. त्याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. वाटेत गडहिंग्लज, तिथं फुटबॉलचं वेड कोल्हापूरपेक्षा तसूभर कमी नाही. बळ्ळारीकडं विजयनगरला बंगळुरू एफसीची निवासी अकादमी. नकाशावर बघितलं तर आमचं पोरगं तीन राज्यांच्या फुटबॉलच्या मधोमध उभं आहे. यापेक्षा चांगली जागा देशात शोधून सापडणार नाही! पण तिन्हीकडं दार उघडायला कागद लागतात.

एका पोराची फाइल सांगतो, अशा शेकड्यानं असतील. शाळेचा दाखला मराठीत, आजोबांच्या नावासकट. जन्माचा दाखला कन्नडात, त्यात गावाचं नाव आडनावाच्या जागी. आधार कार्डावर आडनाव इंग्रजीत एका स्पेलिंगनं, बापाच्या रेशन कार्डावर दुसऱ्या. तारीख दोन ठिकाणी ३ ऑगस्ट, एका ठिकाणी ८ मार्च, कारण कुणीतरी दिवस-महिना उलटा वाचला. महासंघाच्या संगणकीय नोंदणीत हे चढवलं की अर्ज परत. मग तलाठ्याकडं, नाडकचेरीत (महसूल कार्यालयात), आधार केंद्रात, शाळेत बोनाफाईडसाठी. बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते. तेवढ्यात नोंदणीची मुदत संपते आणि पोराचं एक वर्ष जातं. त्या वयातलं एक वर्ष कुणाला परत करता येत नाही. कर्नाटकात नोंद झालेलं पोरगं गोव्याच्या क्लबात जायचं तर राज्याबाहेरच्या बदलीचा अर्ज वेगळा. माझ्या कामाचा मोठा भाग सायबर कॅफेत बापाशेजारच्या खुर्चीवर जातो. मला त्याचं काही वाटत नाही. तीन लिप्या वाचणारं कुणीतरी तिथं बसायलाच हवं, आणि आम्हा सीमाभागातल्यांना त्या लहानपणापासून येतातच की.

मग घर. पोरगं निवडलं की मी आधी घरी जातो, अकादमीचा फॉर्म पिशवीतच ठेवतो. चहा येतो, शेजारचे दोघे-तिघे येऊन बसतात. बाप विचारतो, ‘नोकरी लागंल काय सर?’ आईचा प्रश्न वेगळाच असतो. ‘जेवायला काय देत्यात तितं?’ मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पंधराव्या वर्षी अकादमीतून पळून आलेली बहुतेक पोरं जेवण आणि एकटेपणा यांच्यामुळंच येतात. मी खरं तेच सांगतो. दहा गेले तर एखाद-दुसरा खेळून पोट भरेल. शाळा सुटता कामा नये. दर महिन्याला फोन येत नसेल तर मला सांगा, मी जाऊन येतो. गावाकडं सगळ्यात जास्त घात गोड बोलणाऱ्यांनी केलाय. ‘एवढे हजार द्या, क्लबात घालतो’ म्हणून बाप लोकांना गाठणारी माणसं दर सीझनला उगवतात. एका घरात त्यासाठी म्हैस विकलेली मी बघितली. पोराला कुठल्यातरी शहरात नेलं, महिनाभर एका खोलीत ठेवलं, कुठल्याशा मैदानावर पळवलं आणि परत पाठवलं.

म्हणून पालकांना नियम माहीत असावेत. खेळाडूच्या वतीनं करार करणाऱ्या एजंटला फिफाचं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचं लायसन्स लागतं. २०२३ पासून त्याची परीक्षा परत सुरू झाली आहे, तासाभरात वीस प्रश्न, पंचाहत्तर टक्क्यांना पास. अल्पवयीन पोराशी बोलायचं तर पालकाची लेखी परवानगी पाहिजे, आणि पहिला व्यावसायिक करार करण्याच्या वयाच्या सहा महिने आधीपर्यंत त्याच्याकडं फिरकायचंच नाही. खेळाडू शोधणारा हा क्लबाचा किंवा अकादमीचा माणूस, त्याला त्याचे पैसे तिकडून मिळतात. जो घरातून पैसे मागतो त्याला चहासुद्धा देऊ नये.

२०२५ च्या जुलैत आयएसएलचा पुढचा सीझनच थांबवला गेला, महासंघ आणि स्पर्धा चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचं ठरत नव्हतं म्हणून. काही क्लबांनी पगार रोखले, काहींनी कामकाज बंद ठेवलं. त्या पावसाळ्यात मी गेलो त्या प्रत्येक घरात हाच विषय होता. टीव्हीवर ज्यांना बघून पोरं केस कापून घेतात त्यांचेच पगार थांबलेत, मग आमचं काय, या प्रश्नाला काय उत्तर देणार? त्याच ऑगस्टमध्ये खालिद जमील राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०१६-१७ मध्ये आयझॉलसारख्या लहान क्लबाला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून देणारा, खालून एकेक पायरी चढत आलेला आपला माणूस. आमच्या मैदानावरच्या कोच लोकांना त्या बातमीनं खरोखर बळ आलं. त्या आठवड्यात एका जणानं ‘सी’ लायसन्सचा फॉर्म भरला, इतकी वर्षं तो टाळत होता.

पोरीही येताहेत. २०२५ च्या जुलैत भारताच्या महिलांनी थायलंडला २-१ असं हरवून पात्रता फेरीतून आशिया चषकात जागा मिळवली, हे आमच्या मुलींना तोंडपाठ आहे. त्यांच्यासाठी मैदानाजवळ कपडे बदलायला बंद खोली आणि परतीच्या एसटीची खात्री एवढं झालं तर निम्म्या मुली खेळ सोडणार नाहीत. याला फार पैसा लागत नाही.

सगळ्यात जड काम म्हणजे नाही सांगणं. यादी नोटीस बोर्डावर लावून निघून जायची पद्धत मला पटत नाही. ज्याचं नाव नाही त्याला बाजूला घेऊन मी सांगतो. काय चांगलं दिसलं, काय अजून व्हायचंय, परत कधी बघेन. ‘परत बघेन’ म्हटलं की परत जावंच लागतं, नाहीतर ते पोरगं वर्षभर वाट बघत राहतं. कधी खरंच पुढं वाव नसतो. तेव्हा तेही सांगतो, पण बापासमोर नाही. एका गोलकीला मी उंचीमुळं नाही म्हटलं. त्यानं विचारलं, ‘मग रेफरी होता येईल काय?’ आज तो जिल्ह्यातले सामने चालवतो आणि ऑफसाइडला त्याच्याइतकी पक्की नजर मी कमी जणांत बघितली आहे.

गावच्या क्लबांनी एक काम या वर्षी करावं म्हणून मागं लागलोय. क्लबाची संलग्नता घ्यावी आणि बाराव्या वर्षापासून पोरांची नोंद करावी. फिफाचा नियम असा की करार संपायच्या आत खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला आणि त्यासाठी पैसे मोजले गेले, तर त्यातले ५ टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे. बारा ते पंधरा या वर्षांना प्रत्येकी पाव टक्का, पुढच्या वर्षांना अर्धा टक्का. बारा ते पंधरा ही चार वर्षं तुमच्या मैदानावर खेळलेल्या पोरासाठी एक कोटी रुपये मोजले गेले तर तुमचा वाटा एक लाख. आज हे लांबचं वाटतं हे खरं, पण नोंद नसेल तर उद्या मागायचं कशाच्या आधारावर? एक लाखात शाळेच्या मैदानाला दोन बाजूंनी जाळी येते, बॉल भाताच्या शेतात जायचा थांबतो.

येत्या जूनपासून आम्ही काही कोच मिळून खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या शाळांचे रविवारचे सामने सुरू करतोय. वयाचे गट ठेवणार नाही, उंची आणि वाढ बघून गट पाडणार. कप नाही, बक्षीस नाही, प्रत्येक पोरगं निदान अर्धा सामना मैदानात राहील. पाऊस कितीही असो, वीज कडाडली तरच थांबायचं. बॉल आहेत. रेफरी तिघे मिळालेत, अजून लागतील. कन्नड आणि इंग्रजी फॉर्म भरायला बसणारी दोन-तीन कॉलेजची पोरं-पोरी हवी आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी मे महिन्यात आपल्या शाळेच्या पीई सरांना गाठावं, आणि येताना मागच्या वर्षीची उंचीची वही बरोबर आणावी.